महायुद्ध चालू असताना ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांची तब्येत सुधारली म्हणतात, हे खरंय का? मोफत जेवण आणि पीटीचा त्यात किती वाटा?

खरंय, पण युद्धामुळं सुधारली असं म्हणू नका. सरकार घाबरलं आणि तीस-पस्तीस वर्षं रेंगाळलेलं काम चार-पाच वर्षांत उरकलं, एवढंच. मी परभणीकडचा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, खिचडीचा हिशेबही माझ्याच गळ्यात अन् पीटीचा तासही, म्हणून या विषयावर जरा जास्तच वाचलंय.

सुरुवात बोअर युद्धापासून धरा, म्हणजे ब्रिटननं दक्षिण आफ्रिकेत केलेलं युद्ध, १८९९ ते १९०२. सैन्यभरतीला आलेली पोरं इतकी किडकिडीत निघाली की वरचे लोक हादरले. आणि पहिला उपाय काय सुचला, तर कवायत! १९०२ ला वॉर ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या लष्करी खात्याच्या सल्ल्यानं शाळांसाठी पीटीचा कोर्स काढला, जवळजवळ लष्करीच. उपाशी पोराला सावधान-विश्राम करायला लावून अंगाला मांस लागत नसतं हे मग कळलं. १९०६ ला शाळेत जेवण द्यायचा कायदा आला, १९०७ ला डॉक्टरी तपासणी. पण जेवणाची सक्ती नव्हती, ज्या गावाला वाटलं त्यानं दिलं, आणि दिलं ते गरिबाच्या लेकरांना वेगळं काढून. आता कोणत्या मायबापाला आवडंल ते?

पहिल्या महायुद्धात म्हणूनच फार काही हाती लागलं नाही. १९१४ ला सुरुवातीचे काही महिने जेवणाऱ्यांचा आकडा एकदम वाढला, मग कारखान्यात मजुरी मिळायला लागली तसा उतरला, शाळा तपासणारे डॉक्टर सैन्यात गेले, कित्येक शाळांत जखमी सैनिकांचे दवाखाने थाटले, आणि थोराड पोरं शाळा सोडून शेतावर. (आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की वर्ग कसा दिसतो ते मराठवाड्यातल्या मास्तरला सांगायला नको.)

खरा फरक पडला तो दुसऱ्या युद्धात. १ सप्टेंबर १९३९ पासून बॉम्बच्या भीतीनं शहरातली लाखो लेकरं खेड्यापाड्यांत पाठवली, आणि तिथल्या बायांनी बघितलं तर डोक्यात उवा, अंगाला खरूज, पायात धड बूट नाहीत. शहरातली गरिबी पहिल्यांदाच यांच्या घरात येऊन झोपली. त्यात आया दारूगोळ्याच्या कारखान्यात, घरी दुपारचं रांधणार कोण, आणि खायचं बरंचसं रेशनवर. मग शाळेतलं जेवण गरिबांपुरतं न ठेवता सगळ्यांसाठी वाढवलं. १९४० ला दिवसाला साधारण सव्वा लाख ताटं होती, १९४५ पर्यंत सोळा लाखांच्या वर गेली, आणि फुकट जेवणारं सातातलं एखादंच, बाकीचे चार-पाच पेनी देऊन जेवायचे. पैसेवाल्याचं अन् बिनपैशाचं पोरगं एकाच बाकावर बसलं, माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. ताटात काय असावं तेही १९४१ ला ठरवलं, सुमारे हजार कॅलरी. आपल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० आणि सहावी ते आठवीला ७०० धरतात, तेवढ्यावर सोमवारी आमची लेकरं दुसऱ्यांदा ताट घेऊन रांगेत उभी राहायलेत, रविवारी घरी काय खाल्लं ते वेगळं विचारायची गरज पडत नाही.

जेवणाशिवाय दूध होतं, लहानग्यांना कॉडलिव्हर ऑईल आणि संत्र्याचा रस, घटसर्पाची लस. साखरेवर रेशन लागलं त्याचा दातांना फायदाच झाला. शेवटी १९४४ च्या शिक्षण कायद्यानं शाळेत जेवण देणं बंधनकारक झालं. अमेरिकेनं तर १९४६ च्या कायद्यात राष्ट्रीय सुरक्षेसाठी म्हणून शाळेतलं जेवण असं सरळ लिहूनच टाकलं, लाजले नाहीत.

पण त्याच ब्रिटिश सरकारच्या राज्यात १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. तिकडं लेकराच्या कॅलरी मोजायले होते तेव्हाच. ही गोष्ट सोडून नुसतं ब्रिटनचं कौतुक मला जमत नाही.

आणि पीटी? तिचा वाटा कमीच धरा. तरणे पीटी मास्तर सैन्यात गेले, कुठं हॉल जेवणाला लागले, कुठं मैदान नांगरून भाजी लावली. आमच्याकडं परिपाठाला चक्कर येऊन बसणारं लेकरू बहुतेक नुसत्या चहा-बटरवर आलेलं असतं, त्याला आणखी पळवून काय करता? मी पीटी दुपारच्या शेवटच्या तासाला ठेवलीय. हेडमास्तर सकाळची घ्या म्हणायलेत, पण ते काय मी ऐकत नाही.