पांडा आणि हमिंगबर्ड दिवसभर का खातात?

प्रश्न : जायंट पांडा शंभर किलोंच्या घरातला, तर हमिंगबर्ड जेमतेम तीन ग्रॅमचा. तरीही दोघे दिवसभर खातच असतात, असे वाचनात आले. याचे कारण एकच आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. पांडाला अन्नातून मिळते फार थोडे, आणि हमिंगबर्डला मिळते भरपूर, पण ते टिकत नाही.

पांडा अस्वलाच्या कुळातला. त्याचा आहार जवळजवळ संपूर्ण बांबूचा झाला, तरी आतडे मात्र मांसाहारी प्राण्याचे असते तसे आखूडच राहिले. गाईम्हशींसारखे रवंथ करणारे पोट नसल्यामुळे खाल्लेल्या बांबूतला पाचवा हिस्साही त्याला धड पचत नाही. त्यामुळे सिचुआन, शान्शी आणि गान्सू या चिनी प्रांतांतील डोंगरी जंगलांत तो मागचे पाय पसरून बसतो, मनगटाच्या वाढलेल्या हाडाचा अंगठ्यासारखा उपयोग करून बांबूचे कांडे धरतो, दातांनी त्याची साल सोलतो आणि रोज १२ ते ३८ किलो बांबू फस्त करतो. एवढे करूनही भागत नाही, म्हणून तो हालचालीच कमी करतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार पांडाचा ऊर्जाखर्च तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याकडून अपेक्षित असलेल्या खर्चाच्या अवघा ३८ टक्क्यांच्या आसपास भरतो. शरीरात ऊर्जा किती वेगाने खर्च व्हावी हे ठरवणाऱ्या थायरॉइड संप्रेरकांचे त्याच्या रक्तातील प्रमाणही अतिशय कमी आढळले. त्याला आळशी म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील लाल गळ्याच्या हमिंगबर्डची गोष्ट वेगळी. (आपल्याकडे जास्वंदीवर येणारा शिंजीर अनेकांना हमिंगबर्ड वाटतो, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात.) फुलांच्या मधातील साखर हा पक्षी जवळजवळ पूर्ण शोषून घेतो. परंतु हवेत एका जागी तरंगताना त्याचे पंख सेकंदाला ५०च्या आसपास वेळा हलतात, हृदयाचे ठोके मिनिटाला हजारावर जातात, आणि इतक्या लहान शरीरातून उष्णताही झपाट्याने निघून जाते. मिळवलेली साखर अशी लगेच जळून जात असल्यामुळे, थंडीच्या किंवा उपासमारीच्या रात्री तो शरीराचे तापमान बरेच खाली आणून जडावस्थेत जातो.

पांडाला मात्र, अस्वलाच्या कुळातला असूनही, शीतनिद्रेची सोय नाही, कारण बांबूवर तेवढी चरबी साठत नाही. हिवाळ्यात तो डोंगराच्या खालच्या उतारांवर येतो आणि तिथेही खातच राहतो.