जेसीबीच्या आधी चर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चिपळूण तालुक्यात डोंगरउतारावर आमची २ एकर जमीन आहे. रस्ता कापून, टप्पे करून प्लॉट पाडायचे काम मे महिन्यात सुरू झाले. निम्मे कटिंग झाले आहे. आमच्या वरच्या अंगाला ३ एकर डोंगर आहे. पाऊस ३ आठवड्यांवर आला. माती वाहून जाऊ नये म्हणून आता काय करता येईल?

उत्तर: उरलेले कटिंग दसऱ्यापर्यंत थांबवा. ठेकेदार म्हणेल, मशीन आलेच आहे तर उरकून टाकू. ऐकू नका. जेसीबी दोन दिवसांत जेवढी माती उघडी करतो तेवढी झाकायला महिना पुरत नाही, आणि जागेवर आहे त्या गवता-झुडपांइतके स्वस्त आवरण बाजारात मिळत नाही.

आता हिशेब. तासाला ६० मिलिमीटरची सर कोकणात नवलाची नाही. त्या जोराने २ एकरांवर सेकंदाला सुमारे १३५ लिटर पाणी पडते. उघड्या, दाबल्या गेलेल्या जमिनीवरून त्यातले ६० टक्के वाहिले तरी ८० लिटर झाले. वरच्या ३ एकरांवर झाडोरा आहे असे धरून निम्मेच वाहते म्हटले, तरी तिकडून आणखी १०० लिटर येते. म्हणजे तुमच्या कटिंगवर येणारे निम्म्याहून अधिक पाणी तुमच्या जमिनीवर पडलेलेच नसते. ते आत येऊच न देणे हे पहिले काम.

त्यासाठी वरच्या हद्दीलगत, कापलेल्या कड्यापासून किमान ३ मीटर मागे एक चर काढा. तळाची रुंदी ४५ सेंमी, खोली ४५ सेंमी, दोन्ही बाजू १:१ उताराच्या. निघालेली माती खालच्या बाजूला टाकून धुमसाने ठोका. चराला १०० मीटरला ५० सेंमी एवढाच ढाळ द्या. असा चर वरचे १५ सेंमी मोकळे ठेवूनही सेकंदाला दीडशे लिटरच्या वर पाणी नेतो आणि पाण्याचा वेग मातीला सोसेल इतका राहतो. ढाळ डोळ्यांनी धरू नका. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीच्या लेव्हलने दर १० मीटरला ५ सेंमी उतार मोजून खुंट्या मारा. एखाद्या जागी उलटा ढाळ लागला की पाणी तुंबते, बांध फोडून नेमके कटिंगवर उतरते, आणि मग चर नसता तर बरे झाले असते अशी वेळ येते. चराचा तळ मुरमाड असेल तर पाणी झिरपून कड्याच्या पोटात शिरते. तेवढ्या लांबीत जाड प्लास्टिक अंथरून वर दगड लावा. चराचे तोंड कातळावर किंवा जुन्या पऱ्यातच (पावसाळी ओहोळातच) सोडा आणि पाणी पडते तिथे दगडांची फरसबंदी करा.

आतले ८० लिटर पाणी गढूळ असणार, ते सरळ बाहेर सोडायचे नाही. जमिनीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात गाळखड्डा घ्या. एकराला सुमारे ५० घनमीटर हे चालणारे माप आहे, म्हणजे तुम्हाला सरासरी १४ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल. खोदूनच करा, पावसाच्या तोंडावर भराव घालून तळे उभारणे म्हणजे खालच्या घरांवर बॉम्ब ठेवणे. पाणी एका टोकाला आत येऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडले पाहिजे. दोन्ही तोंडे जवळ असली तर खड्डा मोठा असूनही पाणी आल्या पावली निघून जाते. सांडवा २ मीटर रुंद, दगडाचा. ८० लिटरला त्यावरून जेमतेम ८ सेंमी पाणी जाईल, पण काठ ३० सेंमी वर ठेवा. निम्मा भरला की उपसा. हे काम जुलैत, भर पावसात करावे लागते, म्हणून खड्ड्यापर्यंत मशीनला वाट आधीच ठेवा. कुंपणही घाला.

खड्ड्याकडून अपेक्षा मात्र नेमकी ठेवा. या मापाच्या खड्ड्यात वाळू आणि भरड गाळ बसतो. तांबडा रंग म्हणजे चिकणमातीचे कण. ते तासाभरात बसत नाहीत, बाहेर जातातच. २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतून गाळ उपसावा लागला हे चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको. रंग कमी करायचा तर माती मुळातच झाकायला हवी.

उघड्या टप्प्यांवर एकरी २ टन भाताचा पेंढा पसरा. त्याखाली नाचणी दाट फेकली तर पहिल्या सरींत उगवते. १:३ हून (३ मीटर आडव्या अंतरात १ मीटर) तीव्र उतारावर पेंढा टिकत नाही, तिथे काथ्याची जाळी लागते. तिची वरची कड ३० सेंमी खोल चरीत गाडा, पट्टे वरून खाली सोडा, एकमेकांवर १५ सेंमी चढवा आणि जाळी मातीला चिकटेल इतक्या खुंट्या मारा. जाळीखाली पोकळी राहिली की पाणी तिथूनच वाट काढते. वरून सगळे हिरवे दिसते आणि खाली घळ पडलेली असते.

रस्त्याकडेच्या गटारात अनघड दगडांचे आडबांध घाला. मधली खाच ६० सेंमी उंच, कडा त्याहून १५ सेंमी वर. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाची खाच एका पातळीत हवी. १०० मीटरला ६ मीटर ढाळ असेल तर १० मीटरवर एक. मध्ये खाच ठेवली नाही तर पाणी बांधाच्या दोन्ही कुशी पोखरून जाते.

कड्यावरून खाली ढकललेली माती अजून तशीच असेल तर सगळ्यात आधी ती हलवा. गवतावर सैल पडलेला भराव भिजला की गवताच्याच थरावरून घसरतो.

प्रश्न: कुडाळजवळ आमचे भातखाचर आहे. वरच्या प्लॉटिंगमधून गेल्या पावसात लाल चिखल आला. त्यांनी हद्दीला हिरवी शेडनेट बांधली आणि म्हणतात, पाणी उतारानेच येणार, तुम्ही अडवू शकत नाही. खरे आहे का?

उत्तर: अर्धे खरे आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेले, ठरावीक प्रवाहातून न जाणारे पाणी नैसर्गिकरीत्या खाली वाहू द्यावे लागते. यात ‘नैसर्गिकरीत्या’ महत्त्वाचे. डोंगरभर पसरून येणारे पाणी गटारात गोळा करून एका तोंडाने तुमच्या बांधावर सोडणे त्यात बसवता येत नाही. पहिल्या मोठ्या पावसात तारखेसह फोटो काढा, तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

शेडनेट निरुपयोगी आहे. तिची भोके चिखलाला मोठी पडतात आणि खालून ती मोकळी असते. तिथे विणलेले जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, लागते: खालची कड १५ सेंमी खोल चरीत गाडून माती ठोकलेली, खांब २ मीटरवर, ३० मीटर लांबीमागे फार तर १० गुंठ्यांचे पाणी. पऱ्यात किंवा गटारात ते आडवे लावू नये, पहिल्याच लोंढ्यात जाते.

खाचरात आलेला थर २-३ सेंमीचा असेल तर नांगरटीत मिसळून जाईल. त्याहून जाड किंवा जांभ्याचे खडे असलेला थर सुकल्यावर खरवडून काढा; ती खालच्या थरातली माती असते, तिच्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतो.

प्रश्न: कटिंगला ३ मीटर उंच चिऱ्याची भिंत घातली. दुसऱ्या पावसात तिला पोट आले. भिंत जाड करावी का?

उत्तर: आधी मागचे पाणी काढा. ३ मीटर पाणी मागे तुंबले तर भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे साडेचार टन रेटा येतो, मातीचा वेगळा. भिंतीतून आरपार १०० मिमी व्यासाचे पाईप दीड मीटरवर, बाहेर उतरते, आणि भिंतीमागे ३० सेंमी जाडीचा दगडगोट्यांचा थर हवा. थर आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल नसेल तर चिखल पाईप बुजवतो. भर पावसात पाईप कोरडे असतील तर ते बुजले आहेत असे धरा. पोट आलेला भाग मात्र उतरवूनच बांधावा लागेल, तोही इंजिनिअरच्या सल्ल्याने. तोवर भिंतीखाली गाडी लावू नका.

प्रश्न: गढूळ पाणी थेट शोषखड्ड्यात सोडले तर?

उत्तर: एका पावसात खड्डा बुजेल. बांधकाम संपून जमीन झाकली गेल्यावरच तो वापरात घ्या, तोवर तोंड बंद ठेवा. सुरुवात छपराच्या पाण्यापासून करा. कापलेल्या कड्याच्या वरच्या अंगाला शोषखड्डा घेऊच नका. जांभ्याखाली लागणारी पांढरट-गुलाबी मऊ माती मुरलेल्या पाण्याने सुटते आणि वरचा जांभा अधांतरी राहतो.