पाणथळ राईत जाती कमी मिळाल्या, म्हणून ती राई गरीब ठरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरच्या तुमच्या गटाने राधानगरीच्या उतारावर आणि घाटाखाली दोडामार्गकडच्या व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) पाणथळ राईत सारख्याच मापाचे प्लॉट आखले. राईत झाडांच्या जाती निम्म्याही भरल्या नाहीत. मोजणी चुकली का, आणि अहवालात ‘राईची विविधता कमी’ असे लिहायचे का?

जाती कमी भरणे अपेक्षितच आहे. पण ‘कमी’ हा शब्द एकटा लिहू नका, त्याने राईवर अन्याय होतो.

आधी कारण पाहू. मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरले की मुळांपर्यंत प्राणवायू पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. अशा चिखलात लोह आणि मँगनीज मुळांना घातक ठरणाऱ्या रूपात विरघळतात. अंजनी, जांभूळ, पिसा यांच्यासोबत उतारावर वाढणारी बरीच झाडे इथे रोपाच्या वयातच मरतात. टिकतात ती तयारीची झाडे. त्यांत जायफळाच्या कुळातल्या दोन जाती मुख्य. जिम्नाक्रांथेराची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात. मायरिस्टिका मॅग्निफिकाला खोडावरून आधारमुळे फुटतात. दोन्हींचे काम एकच, हवा आत घेणे. ॲमेझॉनमध्येही पुरात बुडणाऱ्या जंगलात कोरड्या जमिनीवरच्या जंगलापेक्षा जाती कमी असतात. त्यातही अँडीजचा गाळ आणणाऱ्या नद्यांकाठची ‘व्हार्झिया’ ही रिओ नेग्रोसारख्या काळ्या, निकस पाण्याकाठच्या ‘इगापो’पेक्षा समृद्ध असते. म्हणजे पाणी किती दिवस राहते यासोबत ते काय घेऊन येते, यालाही महत्त्व आहे.

आता संख्येपेक्षा नावे पाहा. दोन्ही ठिकाणच्या याद्या शेजारी ठेवा आणि फक्त राईतच सापडलेल्या जाती वेगळ्या काढा. हा आकडा अहवालात सगळ्यात आधी यायला हवा. उत्तर कन्नडमधल्या कत्तलेकानच्या पाणथळीतून सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस या झाडाचे विज्ञानाला पहिले वर्णन मिळाले ते थेट 2000 साली. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या बांबर्डे इथली मायरिस्टिकाची पाणथळ जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे, आणि तिचे क्षेत्र अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास आहे. राई लहान असली, तरी ती गेली तर तिच्यातल्या जातींना शेजारच्या डोंगरावर जागा मिळत नाही.

शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि झाडे त्यांत किती सारखी वाटली आहेत हे एकत्र सांगणारा आकडा, वापरणार असाल तर त्याचा अर्थ समजून घ्या. समजा 100 झाडे आणि 10 जाती आहेत. प्रत्येक जातीची 10 झाडे असतील तर निर्देशांक 2.30 येतो. एका जातीची 91 आणि उरलेल्या नऊ जातींचे एकेकच झाड असेल तर तो 0.50 वर येतो. जाती तितक्याच, 10. पाणथळ राई दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, कारण एक-दोन जातींचे वर्चस्व हाच तिचा स्वभाव. म्हणून जातींची संख्या आणि निर्देशांक दोन्ही द्या, आणि लॉग कोणत्या पायाचा घेतला तेही लिहा. नैसर्गिक लॉगने 2.30 येणारा आकडा 2 च्या पायाने 3.32 होतो, आणि दोन अहवालांची तुलना इथेच फसते. दोन्हीकडची झाडे सारख्या संख्येने मोजली गेली नसतील, तर जिथे झाडे जास्त आहेत तिथून दुसरीकडे आहेत तितकीच झाडे यदृच्छेने निवडली तर सरासरी किती जाती मिळतील ते काढा आणि मग तुलना करा. 300 झाडांतल्या जाती आणि 90 झाडांतल्या जाती यांची थेट तुलना होत नाही.

चूक झाली असेल तर प्लॉटच्या आकारात. राई म्हणजे व्हाळाच्या दोन्ही बाजूंची अरुंद पट्टी. मोठा चौकोन टाकला की त्याचा अर्धा भाग कोरड्या उतारावर जातो आणि दोन जंगले एका आकड्यात मिसळतात. व्हाळाच्या दिशेने 10 मीटर रुंदीचा पट्टा घ्या, त्याचे 10 बाय 10 चे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात पाणी साचलेले, नुसती ओल की कोरडे, हे नोंदवा. पावसाळ्यात पाणी कुठवर चढले ते खोडावरच्या चिखलाच्या रेषेवरून कळते. तिची उंचीही टेपने घ्या.

खोडाचा घेर साधारणपणे जमिनीपासून 1.3 मीटरवर घ्यायचा. आधारमुळे त्याच्याही वर असतील तर सर्वांत वरच्या मुळापासून 50 सेंटिमीटर वर टेप लावा. मुळांवरून घेतलेला घेर फुगतो. बरेच जण चुकतात ते अंजनीसारख्या खालूनच फुटलेल्या झाडात. 60 सेंटिमीटरच्या दोन खोडांचे घेर जोडून 120 लिहिले की छेदक्षेत्र (खोडाच्या आडव्या कापाचे क्षेत्रफळ) सुमारे 1146 चौरस सेंटिमीटर निघते, प्रत्यक्षात ते 573 असते. प्रत्येक खोडाचे छेदक्षेत्र वेगळे काढून मग बेरीज करा. झाड मात्र एकच धरा.

ओळखीसाठी कोयता चालवू नका. कोवळी काडी मोडली की जायफळ कुळात लालसर रस येतो. मग पान उलटा: मॅग्निफिकाचे पान खूप मोठे आणि खालून तांबूस लव असलेले, जिम्नाक्रांथेराचे खालून पांढरट. रस काळा पडू लागला तर हात लांब ठेवा. तो रानबिब्ब्याच्या जातीचा असू शकतो आणि अंगावर फोड येतात. नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने फळ नाही म्हणून झाड ‘अनोळखी’ लिहू नका. शंका असेल तर नमुना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. अभयारण्यात नमुना घेण्याआधी वनविभागाची, देवराईत गावकऱ्यांची आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीची परवानगी लागते.

मोठ्या झाडांवर थांबू नका, रोपे मोजा. प्रत्येक तुकड्यात 1 बाय 1 मीटरचा एक चौकोन पुरे. या कुळातले बी सुकले की मरते, साठवून ठेवता येत नाही. वरच्या अंगाला पाट काढून पाणी सुपारीच्या बागेकडे वळवले असेल, तर मोठी झाडे अजून अनेक वर्षे उभी दिसतील, पण त्यांच्याखाली त्यांचीच रोपे मिळणार नाहीत. तेव्हा पट्ट्याच्या वरच्या टोकापलीकडे व्हाळाने चढत जा, पाणी कुठे वळवले आहे का ते पाहा आणि ती जागा नकाशावर टाका.