जुन्या पीएचपी वेबसाइटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवायचा? सभासदांच्या पासवर्डसाठी एमडी५ चालेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: पतसंस्थेची वेबसाइट जुन्या पीएचपीत आहे, कॉन्फिग फाइलमध्ये रूटचा (डेटाबेसच्या सर्वाधिकारी युजरचा) पासवर्ड उघडा पडलाय, सभासदांचे पासवर्ड एमडी५ करून (ठरलेल्या सूत्राने ३२ अक्षरी खुणेत, म्हणजे हॅशमध्ये, बदलून) ठेवलेत, आणि "दोन्ही एन्क्रिप्ट केलं की भागेल ना?" असं तुम्ही विचारताय.

नाही भागणार. डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रामला वाचता यायलाच हवा, नाहीतर तो कनेक्ट कसा होणार? सभासदाचा पासवर्ड मात्र कुणालाच वाचता येता कामा नये, अगदी तुम्हालाही. दोन्हींचे इलाज वेगवेगळे.

आधी डेटाबेसचा पासवर्ड. तो एन्क्रिप्ट केलात तरी तो उलगडायची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवणार, म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातल्या कुंडीत. त्यापेक्षा फाइल पब्लिक फोल्डरच्या (ज्यातल्या फाइली ब्राउझरमधून मागता येतात) बाहेर न्या आणि ती वाचायची परवानगी फक्त वेब सर्व्हरच्या युजरला द्या. सर्व्हर अपग्रेड करताना पीएचपी नीट सुरू झालं नाही तर आतली फाइल ब्राउझरमध्ये साध्या मजकुरासारखी उघडते. आणि हो, फोल्डरमध्ये "कॉन्फिग डॉट पीएचपी डॉट बॅक" नावाची फाइल पडली आहे का बघा. शेवटी बॅक असलं की बऱ्याच सर्व्हरना ती पीएचपी वाटतच नाही, मागेल त्याला जशीच्या तशी देऊन टाकतात.

रूट तर आजच काढा. वेबसाइटसाठी वेगळा युजर करा, त्याला त्या एकाच डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट (नोंदी वाचणं, घालणं, बदलणं, खोडणं) एवढंच द्या. ड्रॉपची, म्हणजे अख्खं टेबल उडवण्याची, गरज वेबसाइटला कधीच पडत नाही. ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएल डेटाबेसचं नेहमीचं दार) बाहेरून उघडा असेल तर बंद करा.

कोड गिटवर (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीवर) असेल तर माझी फजिती ऐका. एका क्लायंटच्या कामात मी पासवर्डसकट कॉन्फिग गिटवर चढवली. लक्षात आल्यावर ओळ खोडली, पुन्हा कमिट केलं (बदल नोंदवला) आणि चहाला गेलो. परत आल्यावर एका सहकाऱ्याने गिट लॉग चालवून जुना कमिट समोर उघडून दाखवला, पासवर्ड तिथेच. एकदा बाहेर गेलेला पासवर्ड खोडून उपयोग नाही, तो बदलायलाच लागतो. मायएसक्यूएल ८.०.१४ किंवा नंतरचं असेल तर एका युजरला काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालवता येतात, साइट बंद न पाडता बदल होतो.

आता सभासद. १२३४५६ चा एमडी५ "ई१०एडीसी३९४९" असा सुरू होतो. इतक्या टेबलांत पाहिलाय की मला तो पाठ आहे. तुमच्या टेबलात पासवर्डचा कॉलम सॉर्ट करून बघा, तीच ओळ खाली खाली येत राहील. सॉल्ट (प्रत्येक पासवर्डात मिसळायची वेगवेगळी अक्षरं) नसल्याने सारख्या पासवर्डचा हॅश सारखाच, आणि एमडी५ इतका झटपट होतो की चोर एका ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज लावून बघतो. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, तेही असेच बिनसॉल्टचे, एसएचए-१ या तशाच झटपट हॅशचे.

पीएचपी ५.५ पासून "पासवर्ड हॅश" आणि "पासवर्ड व्हेरिफाय" ही फंक्शन्स आहेत, तीच वापरा. सॉल्ट ती स्वतः घालतात. बीक्रिप्ट या मुद्दाम हळू चालणाऱ्या हॅशची कॉस्ट (किती मेहनत घ्यायची तो आकडा) एकाने वाढवली की लागणारा वेळ दुप्पट होतो. मी १२ ठेवतो.

सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावू नका, निम्मे सभासद शाखेत येऊन उभे राहतील. आहे त्या एमडी५ वरच बीक्रिप्ट चढवा, एका रात्रीत जुना कॉलम पुसता येतो. मग जो लॉगिन करेल त्याच्या खऱ्या पासवर्डचा नवा हॅश करून ठेवायचा. त्याआधी कॉलमची लांबी बघा. एमडी५ साठी कुणीतरी ३२ अक्षरं ठेवलेली असतात आणि बीक्रिप्टला ६० लागतात. जुनं मायएसक्यूएल कुरकुर न करता हॅश मध्येच कापतं आणि सकाळी कुणाचंच लॉगिन होत नाही. २५५ करून टाका. बॅकअपमधले जुने एमडी५ विसरू नका.

लॉगिनला चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा हवीच, पण फक्त आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) नको. शाखेतले सगळे एकाच आयपीवरून येतात, एकाने चार वेळा चुकवलं की अख्खी शाखा बाहेर. खातं कायमचं लॉक करणंही नको, कुणीही मॅनेजरला मुद्दाम बाहेर ठेवेल. मी दर चुकीमागे थांबायचा वेळ वाढवत नेतो.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती असेल तर तीही काढा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच ती नको म्हटलंय. तुमच्या शाखेत काय होत असेल ते मी सांगतो: गणेश@०१, गणेश@०२, गणेश@०३.