'टु किल अ मॉकिंगबर्ड'सारख्या कादंबऱ्यांवर अमेरिकेतल्या शाळांनी बंदी घालावी का?

मुळीच नाही. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत ही कादंबरी आठवीच्या अभ्यासातून काढली. कारण काय, तर तिच्यातल्या भाषेने लोक अस्वस्थ होतात! अहो, कादंबरीत गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनचा डावा हात लुळा आहे, आरोप खोटा आहे हे भर कोर्टात दिसतं, तरी गोरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. हे वाचून अस्वस्थ व्हायचं नाही तर कशाने? वंशवाचक शिवी वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये, हे मान्य. कृष्णवर्णीय मुलांना ती बोचतेच. जोडीला कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकंही लावा की.

१९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीच्या शाळा मंडळाने हिला 'अनैतिक' ठरवलं, तेव्हा लेखिका हार्पर ली यांनी वर्तमानपत्राकडे १० डॉलर पाठवले: या मंडळालाच पहिलीत घाला म्हणून.