धाकट्या भावाचं एमडी सुटत नाहीये, नागपुरात त्याला कुठे न्यावं?

ताई, तुमचा भाऊ वर्षभरापासून एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर घेतोय, पोलीस केस होईल म्हणून आईबाबा गप्प आहेत, आणि कोणीतरी सांगतंय की व्यसनमुक्ती सेंटरची गाडी बोलवा, उचलून नेतील. मीही ही पावडर घ्यायचो. गाडी बोलावू नका. आधी सरकारी ओपीडीत न्या.

मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच, पण 'पागलखाना चौक' म्हटलं की आमच्या घरचे तिकडे वळायलाच तयार नव्हते. तुमच्या घरीही तेच असेल तर मेडिकलला जा, वाद घालत बसू नका.

"नशा सोडायला चल" म्हटलं तर तो येणार नाही. "झोप लागत नाही ना, तेवढंच दाखवू" म्हणा. मला भाऊजींनी असंच नेलं होतं. मी झोपेचंच रडगाणं गात होतो. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, दात खाऊन खाऊन गालाच्या आत पडलेल्या जखमा बघितल्या आणि शांतपणे विचारलं, "काय घेतोस? कधीपासून?" मग लपवायला उरलंच काय!

पोलिसांचं म्हणाल तर ओपीडीत केस पेपर निघतो, एफआयआर नाही. उलट १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४अ असं आहे की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं.

एमडी सोडवणारं खास औषध अजून तरी नाही. ब्राऊन शुगरवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिन देतात, तसं इथे काही नसतं. त्रास बघून गोळ्या आणि समुपदेशन. त्यामुळे इंजेक्शनने कायमची सोडवतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना सगळं सांगा.

बंद केल्यावर पहिले काही दिवस तो नुसता झोपेल, उठून हावरटासारखा जेवेल. घरच्यांना वाटतं, सुटला बुवा! खरं तर त्याच्यानंतरची उदासी वाईट असते, मरणाचे विचारही येतात. तेव्हा त्याला एकटं ठेवू नका. रात्री-बेरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ ही वेगळी हेल्पलाइन आहे.

भरती करायची वेळ आलीच तर सेंटरची नोंदणी बघा आणि भेटू देतात का ते विचारा. मी शहराबाहेरच्या एका ठिकाणी होतो, तिथे पळून जाईल म्हणून पोरांना साखळी लावायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे. त्याची तयारी नसतानाही भरती करता येते, पण त्यासाठी तज्ज्ञांची तपासणी लागते. गाडीवाल्या चार पोरांना तो अधिकार नाही.

घरी आल्यावर त्याचं सिम बदला, यूपीआयवर लक्ष ठेवा आणि नार्कोटिक्स ॲनॉनिमस, म्हणजे नशा सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगला पाठवा. फी नसते. पहिल्या दिवशी तो म्हणेल, हे सगळे येडे आहेत. मीही म्हणालो होतो. पुढच्या मीटिंगला पुन्हा पाठवा.