निकेलची फॉस्फिन कॉम्प्लेक्सेस कधी लाल, कधी निळी का? नेट परीक्षेसाठी काय पाठ करू?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, 'फॉस्फिन स्ट्राँग फील्ड लिगँड, म्हणून निकेल टू स्क्वेअर प्लेनरच हवं'. (लिगँड म्हणजे धातूला जोडलेला रेणू किंवा आयन; स्ट्राँग फील्ड म्हणजे धातूच्या डी-ऑर्बिटलांच्या ऊर्जेत मोठा फरक पाडणारा; स्क्वेअर प्लेनर म्हणजे चार लिगँड एकाच पातळीत, चौकोनात.) ते वाचलं आणि राहवलं नाही. नागपुरात एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हेच वाक्य ऐकवून एका एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, माझे मार्क कापले होते.

परीक्षा दोन दिवसांची, एप्रिलातली. निकेल क्लोराइड थोड्या पाण्यात विरघळवून ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घातलं, मग ट्रायफिनाइलफॉस्फिन. आधी ऑलिव्हसारखा हिरवट गाळ आला. मी तो गाळला नाही, त्याच द्रावणात रात्रभर राहू दिला. सकाळी तळाशी गडद निळे, चकचकीत स्फटिक! एक्स्टर्नल म्हणाले, "हे लाल यायला हवं, डायमॅग्नेटिक. तुझी रिॲक्शनच झालेली नाही." डायमॅग्नेटिक म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, चुंबकाकडे ओढलं न जाणारं.

सर, रिॲक्शन झाली नसती तर हिरवं निकेल क्लोराइडच उरलं असतं, निळं कुठून येणार? मी गूई बॅलन्सवर, म्हणजे चुंबकात नमुन्याचं वजन किती बदलतं ते मोजणाऱ्या तराजूवर, बघू म्हणालो. मर्क्युरी कोबाल्ट थायोसायनेटने त्यांच्यासमोर कॅलिब्रेशन केलं. करंट सुरू करताच नळी खाली ओढली गेली, वजन वाढलं. मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे रेणूच्या चुंबकत्वाचं माप, तीन बोर मॅग्नेटॉनच्या वर. म्हणजे दोन अनपेअर्ड (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन, भूमिती टेट्राहेड्रल, चार लिगँड चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर. तरी ते म्हणाले, बॅलन्स बिघडलाय. वेनांझी या रसायनशास्त्रज्ञाने हेच निळं कॉम्प्लेक्स १९५८ सालीच छापलं होतं. लायब्ररीतून तो पेपर आणून दाखवायला मला वेळ मिळाला नाही, त्याचा राग अजून आहे.

तर उत्तर. सोबत दोन क्लोराइड आहेत, ते वीक फील्ड. ट्रायफिनाइलफॉस्फिन डोनर (धातूला इलेक्ट्रॉन देणारं) म्हणून बेताचं आणि आकाराने मोठं, टोलमनचा कोन (लिगँड धातूभोवती किती जागा अडवतो त्याचं माप) १४५ अंश. त्यामुळे रेणू टेट्राहेड्रल होतो. ट्रायइथाइलफॉस्फिन घ्या, कोन १३२, डोनर चांगलं: लाल, स्क्वेअर प्लेनर, डायमॅग्नेटिक. डीपीपीई, म्हणजे दोन फॉस्फरस असलेलं डायफिनाइलफॉस्फिनोइथेन, कीलेट करतं (एकाच धातूला दोन्ही टोकांनी धरतं), त्याचे दोन्ही फॉस्फरस शेजारीशेजारीच बसतात, तेही प्लेनर, रंग नारिंगी. रंग आणि मोमेंट एकत्र बघा, भूमिती आपोआप कळते. लिगँडचं नाव ऐकून भूमिती सांगणारा माणूस केमिस्ट्री करत नाही, पाठांतर करतो. मग तो परीक्षेच्या टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसलेला असो.

आणि हो, नुसत्या कोनावरही जाऊ नका. ट्रायसायक्लोहेक्झाइलफॉस्फिनचा कोन १७०, तरी त्याचं निकेल क्लोराइड कॉम्प्लेक्स लाल आणि प्लेनर, कारण ते फार ताकदीचं डोनर आहे. बेंझिलडायफिनाइलफॉस्फिनचं निकेल ब्रोमाइड तर लाल आणि हिरवं, दोन्ही मिळतं, आणि हिरव्या स्फटिकात दोन्ही भूमितींचे रेणू शेजारी सापडतात. दोन्ही रूपांच्या ऊर्जेत फरक इतका थोडा असतो.

नेटसाठी पाठच करायचं तर टोलमनचे चार-पाच कोन आणि कार्बोनिल स्ट्रेचिंगचा क्रम (फॉस्फिन किती चांगलं डोनर ते यावरून कळतं) करा. बॅक-बाँडिंग (धातूकडून लिगँडकडे इलेक्ट्रॉन परत जाणं) फॉस्फरसच्या रिकाम्या डी-ऑर्बिटलमध्ये होतं असं लिहू नका, ते फॉस्फरस-कार्बनच्या सिग्मा-स्टार (अँटिबाँडिंग) ऑर्बिटलमध्ये होतं. जुन्या नोट्समध्ये डी-ऑर्बिटल असेल, तर नोट्स दुरुस्त करा. आणि प्रॅक्टिकलला कोणी तुमचा रंग चूक म्हटलं, तर आधी मॅग्नेटिक रीडिंग समोर ठेवा, मगच वाद घाला.